ताप उतरला, म्हणजे पळायला मोकळे?

पावसाळा लागला की आमच्या रनिंग ग्रुपवर हमखास येणारा प्रश्न: "सर्दी झालीय, उद्या येऊ का?"

क्रीडावैद्यकात यासाठी एक साधा ठोकताळा आहे. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक गळतंय, शिंका येताहेत, घसा जरा खवखवतोय, तर हलका व्यायाम चालतो. चालून या, वेगाचं विसरा. छातीत कफ, अंगदुखी, जुलाब किंवा ताप असेल तर बूट कपाटातच.

तापाबाबत मी हट्टी आहे. अंगातला ताप १ अंश सेल्सिअसने वाढला की हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण १० ने वाढतात. शिवाय काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूलाच सूज येते, मायोकार्डायटिस. तो झाला तर कसलेल्या खेळाडूंनाही ३ ते ६ महिने मैदानाबाहेर बसवतात. "घाम गाळला की ताप पळतो" हे जिममधलं तत्त्वज्ञान कृपया जिममध्येच ठेवा.

डेंग्यूची तर तऱ्हाच उलटी. ताप उतरतो, हुशारी वाटते आणि नेमके पुढचे २४ ते ४८ तास धोक्याचे असतात. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त यांतलं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

पूर्ण बरं झाल्यावर पहिल्या दिवशी निम्मंच अंतर, तेही गप्पा मारता येतील अशा वेगाने.