कागद करणाऱ्याचे शिक्षण विचारा

अणदूर, नळदुर्ग, तुळजापूर या पट्ट्यात आम्हा कापडवाल्यांचा धंदा उधारीवर चालतो. चेक परत आला की कोर्टाच्या आवारात जो भेटेल त्याच्याकडून आपण नोटीस लिहून घेतो. त्याने हे काम कोठे शिकले, हे मात्र विचारीत नाही.

ते विचारले पाहिजे, कारण येथे एकेका दिवसाला किंमत आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ प्रमाणे, चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर देणेकऱ्याला १५ दिवस असतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद करावी लागते. नोटिशीची मुदत हुकली तर त्या परतीवर फिर्याद टिकत नाही. विकलेल्या मालाच्या पैशाच्या दाव्यालाही साधारणपणे ३ वर्षांचीच मुदत आहे.

वकिलाच्या हाताखाली असे कागद सांभाळणाऱ्याला पॅरालीगल म्हणतात. आपल्या देशात या कामाला सनदेची सक्ती नाही. म्हणूनच प्रमाणपत्राला मोल आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाने यासाठी डिप्लोमा काढला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली विधी स्वयंसेवकांची योजना आणली. जिल्हा प्राधिकरण त्यांना निवडून प्रशिक्षण व ओळखपत्र देते. मात्र ती सेवा आहे, नोकरी नव्हे.

प्रमाणपत्र म्हणजे वकिली नव्हे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे वकिलीचा हक्क सनदवाल्यालाच आहे. शिकलेला पॅरालीगल तारखा सांभाळतो, बिले जुळवतो, पोस्टाची पोच जपतो आणि कोठे थांबून वकिलाकडे धाडायचे हे ओळखतो. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ तयार केल्या. साधे दुखणे त्या गावात पाहतात, मोठे डॉक्टरकडे पाठवतात. कागदाचेही तसेच आहे.

व्यापारी व कारागीर बंधूंनी काम देण्यापूर्वी प्रमाणपत्र कोणाचे आणि वर वकील कोण, एवढे विचारावे. पैसे दिल्याची पावती घ्यावी.

आपल्या मुलामुलींनाही यात वाव आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. जमिनीचे पुष्कळ जुने कागद उर्दूत आहेत आणि ते वाचणारे कमी होत चालले आहेत. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलाने मराठी पक्की करून हा अभ्यासक्रम केला, तर तालुक्याच्या वकिलांना त्याची गरज लागेल.