आरसा टाळता का?

सेल्फीत एक पिंपल दिसला तरी आपला मूड जातो. मग अपघातात पाय गमावलेल्याला आरशासमोर उभं राहताना काय वाटत असेल? हे मोजता येतं, बरं का!

कृत्रिम पाय बनवणारे जेम्स ब्रेकी यांनी १९९७ मध्ये त्यासाठी २० प्रश्नांची प्रश्नावली मांडली. आरसा टाळता का? पाय दिसेल म्हणून शॉर्ट्स घालत नाही का? प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, बेरीज २० ते १००. इथं जास्त मार्क म्हणजे जास्त त्रास! २००७ मध्ये तिची १४ प्रश्नांची सुटसुटीत आवृत्तीही आली.

पण कशाला हवी ही मोजदाद? नवा पाय लावून कुणी झकास चालू लागला, की सगळे म्हणतात, 'झाला बरा!' तोच जर लग्नकार्यं, कॉलेजचा कट्टा टाळत असेल, तर ते चालण्यावरून कळत नाही. विचारावंच लागतं. तेव्हा कुठे योग्य मदत वेळेत मिळते.

आणि या सगळ्यात बघणारे आपणही आहोत. वर्गात असा मित्र असेल तर टक लावून बघू नका, कीवही नको. पिक्चरचा प्लॅन ठरला की त्यालाही सरळ विचारा, 'येतोस ना?'