जुनाट वेदना आणि गटोपचार

शिरढोण व आसपासच्या वाड्यांतून आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत कंबर, मान आणि गुडघे यांच्या दुखण्याने वर्षानुवर्षे बेजार झालेले अनेक स्त्री-पुरुष असतात. क्ष-किरण तपासणी, गोळ्या, मलमे, शेक, पट्टा असे सर्व उपाय करून झालेले असतात. अशा रुग्णास मानसोपचाराच्या गटात बसण्याचा सल्ला दिला, की घरच्यांचा प्रश्न ठरलेला : ‘म्हणजे दुखणे खोटे आहे का?’ देणगीदारही निराळ्या शब्दांत हेच विचारतात. त्याचे सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

दुखणे खरेच असते. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेस जुनाट वेदना म्हणतात. तोवर मूळ इजा पुष्कळदा भरून आलेली असते, परंतु धोक्याची सूचना देणारी मज्जासंस्था अतिदक्षच राहते. शरीराकडून येणारे वेदनेचे संदेश मेरुरज्जूत जणू एका दारातून जातात आणि मेंदू ते दार कमी-अधिक उघडू शकतो, असे रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे बदल झाले. मात्र भीती, चिंता व जागरण यांनी वेदना वाढते, हे आज सर्वमान्य आहे. बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजेच सीबीटी, नेमका येथे काम करतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. सीबीटीचे जवळचे भावंड असलेला अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ उपचार कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थनेही त्याचा मोठा प्रसार केला.

गटात आठ-दहा रुग्ण आठवड्यातून एकदा दीड तास एकत्र बसतात. ‘वाकले तर मणका सरकेल’, ‘आता कंबर कामातून गेली’ असे विचार प्रथम उघडपणे बोलले जातात व मग पारखले जातात. भाताच्या लावणीचे उदाहरण येथे सर्वांना चटकन उमगते. बरे वाटले त्या दिवशी सारे खाचर एकटीने उरकायचे आणि पुढचे चार दिवस अंथरुणाला खिळायचे, हे चक्र मोडावे लागते. म्हणून दुखो वा न दुखो, ठरलेला वेळ काम, मग विसावा, आणि दर आठवड्यास थोडी वाढ, असा क्रम आखला जातो. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी वहीत रेघा ओढल्या तरी चालते. डॉक्टरांनी शंभरदा सांगून जे पटत नाही, ते शेजारी बसलेल्या समदुःखी बाईच्या एका वाक्याने पटते; गटाचे खरे बळ हेच, असे आमचे मत आहे. घरच्यांनीही प्रेमापोटी रुग्णाच्या हातातील प्रत्येक कळशी काढून घेऊ नये.

अपेक्षा मात्र माफक असाव्यात. कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये ७५ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात सीबीटीमुळे वेदना, अक्षमता व मानसिक त्रास यांत होणारा लाभ अल्प असल्याचे आढळले. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गरीब व अल्पशिक्षित अशा २९० रुग्णांवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सोप्या भाषेतील दहा साप्ताहिक सत्रांनंतर वेदना घटली. सहा महिन्यांनी सीबीटी गटातील वेदनेचा हा लाभ ओसरला, परंतु हालचाल व कामाच्या क्षमतेतील सुधारणा टिकून राहिली. आमच्या मते अंगमेहनतीवर जगणाऱ्या कुटुंबास हे थोडे नव्हे.

ताप, अकारण वजन घटणे, पायांतील शक्ती जाणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे यांपैकी काही असल्यास प्रथम डॉक्टरांची तपासणी, गट नंतर. सुरू असलेली औषधेही परस्पर बंद करू नयेत.

या उपचारास यंत्र लागत नाही, त्यामुळे देणगीदाराचे नाव कोरता येईल अशी वस्तूही यात नाही. खर्च येतो तो प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाच्या मानधनाचा आणि दूरच्या वाडीवरून येणाऱ्या रुग्णाच्या दहा फेऱ्यांच्या भाड्याचा. भाड्यावाचून तिसऱ्या-चौथ्या सत्रास गट सुटला, तर पहिली सत्रेही वाया जातात. म्हणून विश्वस्तांनी व हितचिंतकांनी प्रवासखर्चाच्या निधीचा विचार आधी करावा, अशी आमची विनंती आहे.