एसएसडीचे तापमान आणि हीटसिंकची निवड

बोलींच्या क्षेत्रपाहणीत जमा होणारी सामग्री पूर्वी फितींवर साठविली जात असे. आता ती एसएसडीवर साठविली जाते. पंधरा दिवसांच्या पाहणीनंतर ध्वनिमुद्रणे व चलच्चित्रणे मिळून शेकडो गिगाबाइट सामग्री घेऊन विद्यार्थी विभागात परततो आणि ती संगणकावर उतरवू लागतो. पहिली काही मिनिटे काम झपाट्याने होते. मग वेग एकाएकी मंदावतो. अशा वेळी ड्राइव्ह बिघडला असे समजून काम अर्ध्यावर सोडले जाते, किंवा बाजारातून दिसेल तो हीटसिंक आणून बसविला जातो. दोन्ही मार्ग अविचाराचे होत. हीटसिंकची गरज केव्हा असते, तो कसा निवडावा व कसा बसवावा, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. एका नावाने होणारा घोटाळा

भाषाभ्यासकाने प्रथम नावाकडे पाहावे. 'सिंक' म्हटले की ज्यात काही ओतावे व जे ते गिळून टाकील असे भांडे डोळ्यांपुढे येते. आणि मग धातू जितका जाड तितका थंडावा अधिक, असे अनुमान सहज निघते. हे अनुमान फार थोड्या वेळापुरते खरे आहे. ३० ग्रॅम अॅल्युमिनियमचे तापमान १ अंशाने वाढण्यास सुमारे २७ जूल उष्णता लागते. ड्राइव्ह ५ वॅट उष्णता देत असेल, तर दर साडेपाच सेकंदांस धातू सुमारे एका अंशाने तापेल. म्हणजे उष्णता बाहेर जाण्यास वाव नसल्यास तीनएक मिनिटांतच तापमान ३० अंशांनी वर चढेल. त्यानंतर उपयोगी पडतो तो धातूचा साठा नव्हे, तर उष्णता हवेस देण्याची त्याची क्षमता. हीटसिंक हा उष्णतेचा हौद नसून तिची वाट आहे. पुढील सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात.

२. उष्णतेचा उगम व निदान

हल्लीचा एम.२ जातीचा ड्राइव्ह म्हणजे बहुधा २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब अशी पट्टी. '२२८०' ही संज्ञा यावरूनच आली. तिच्यावर माहिती साठविणाऱ्या नॅन्ड चिपा असतात व त्यांचा कारभार पाहणारा कंट्रोलर असतो. जोराच्या कामात सर्वाधिक तापतो तो कंट्रोलर. साटा जोडणीचे जुने ड्राइव्ह सेकंदास सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत जात व त्यांस हीटसिंकची गरज पडत नसे. पीसीआय-एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीत ही मर्यादा सुमारे ३,५००, चौथीत ७,००० व पाचवीत १४,००० मेगाबाइटपर्यंत गेली, आणि वेगाबरोबर उष्णतेचा प्रश्नही वाढला. निर्मात्याने ठरविलेली तापमानाची मर्यादा ओलांडली की कंट्रोलर आपला वेग आपणच कमी करतो. यास थ्रॉटलिंग म्हणतात. हा बिघाड नसून आत्मरक्षणाची योजना आहे.

मात्र वेग मंदावण्याचे दुसरेही एक कारण असते. पुष्कळ ड्राइव्ह आलेली माहिती प्रथम जलद अशा तात्पुरत्या भागात घेतात. तो भाग भरला की लेखनाचा मूळचा संथ वेग उघडा पडतो. या दुखण्यावर हीटसिंकचा काहीही उपयोग नाही. म्हणून खरेदीपूर्वी तापमान मोजावे. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये ते दिसते. मोठी प्रत सुरू करून दर मिनिटास तापमान व वेग यांची नोंद ठेवावी. तापमान मर्यादेशी पोचताच वेग घसरत असेल, तर कारण उष्णता होय. तापमान ५५ अंशांवर स्थिर असूनही वेग घसरत असेल, तर कारण अन्यत्र शोधावे.

३. वाटेतील अडथळे

कंट्रोलरपासून खोलीतील हवेपर्यंत उष्णतेस तीन टप्पे ओलांडावे लागतात: थर्मल पॅड, धातू आणि हवा. उष्णतावहनाचे माप घेतले, तर हवेचे सुमारे ०.०२६, साध्या पॅडचे ३च्या आसपास, अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे सुमारे २०० व तांब्याचे सुमारे ४०० भरते (वॅट प्रति मीटर-केल्विन). कंट्रोलर १२ मिलिमीटर चौरस व उष्णता ५ वॅट धरू. १ मिलिमीटर जाडीच्या पॅडमध्ये सुमारे साडेअकरा अंशांचा फरक पडतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पॅडमध्ये त्याच्या निम्मा. याउलट ३ मिलिमीटर अॅल्युमिनियममध्ये जेमतेम अर्धा अंश. तेव्हा तांब्यासाठी अधिक पैसे मोजून वाचतो तो या अर्ध्या अंशातील काही भाग.

परंतु पॅड व चिप यांमध्ये ०.१ मिलिमीटर हवेची फट राहिली, तर तिचा अडथळा साडेअकरा मिलिमीटर जाडीच्या पॅडइतका होतो.

शेवटचा टप्पा हवेचा. पंखयुक्त हीटसिंकचे एकूण पृष्ठ ८० चौरस सेंटिमीटर धरले, तर निश्चल हवेत तो भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ६० अंशांनी अधिक तापल्यावरच ५ वॅट बाहेर टाकू शकेल. मंद वारा असल्यास सुमारे २० अंश पुरतील. हे आकडे ढोबळ असले, तरी त्यांचे परस्परप्रमाण बोलके आहे. शिवाय हीटसिंक भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. नागपूरकडील मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतील, तर पेटीतील हवा त्याहून उष्णच असणार. अशा ठिकाणी महाग हीटसिंकपेक्षा पेटीचा धुळीने भरलेला पंखा साफ करणे अधिक फलदायी ठरते.

४. निवड

मदरबोर्डवर एम.२ साठी स्वतःचे झाकण असल्यास तेच वापरावे. त्याखाली दुसरा हीटसिंक मावत नाही. नसल्यास उंची मोजावी, विशेषतः खाच ग्राफिक्स कार्डाखाली असल्यास. लॅपटॉपमध्ये उंच पंखांस जागाच नसते. तेथे पातळ पट्टीवर समाधान मानावे. पट्टीच्या दोन्ही बाजूंस चिपा आहेत की एकाच, हे पाहावे. दोन्ही बाजूंस असल्यास खालच्या बाजूसही पॅड असलेला हीटसिंक घ्यावा. पंखांच्या ओळी वाऱ्याच्या दिशेस समांतर याव्यात. पॅड जाड असावा की पातळ, याचे उत्तर एकच: जो कंट्रोलरवर किंचित दाबला जाईल तो.

५. बसविण्याची रीत

संगणक बंद करून वायर काढावी व पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी. स्क्रू काढताच पट्टी तिरपी वर येते. ती अलगद ओढून सपाट जागी ठेवावी. वरचे लेबल सोलू नये. त्याने वॉरंटी जाण्याचा संभव असतो, आणि काही लेबलांत उष्णता पसरविणारा तांब्याचा थरही असतो. पॅडच्या दोन्ही बाजूंचे पारदर्शक आवरण काढावे. प्रस्तुत लेखकाने पहिल्या खेपेस एका बाजूचे आवरण तसेच ठेविले होते. तापमानात फरक का पडत नाही, या विवंचनेत एक अख्खी दुपार गेली. हीटसिंकचे स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. पट्टी वाकता कामा नये. मग ती सुमारे ३० अंशांच्या कोनात खाचेत सरकवून खाली दाबावी व स्क्रू हलक्या हाताने लावावा. शेवटी पूर्वीचीच प्रत पुन्हा करून नोंदींची तुलना करावी. तुलनेवाचून सुधारणा झाली असे म्हणता येत नाही.

६. मर्यादा

हीटसिंकमुळे काम एकसारख्या वेगाने चालते. सामग्री सुरक्षित राहते असे मात्र नव्हे. वीज तोडून ठेविलेल्या नॅन्ड चिपांतील विद्युतभार हळूहळू झिरपतो, व उष्ण जागी अधिक लवकर. घरगुती वापराच्या ड्राइव्हसंबंधी जेडेकच्या मानकात, लेखनाची ठरलेली मर्यादा संपल्यावर ३० अंशांस एक वर्ष माहिती टिकावी, एवढीच अपेक्षा आहे. म्हणून ड्राइव्ह पत्र्याच्या तापणाऱ्या कपाटात वर्षानुवर्षे ठेवू नयेत, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या निदान दोन प्रती वेगवेगळ्या जागी असाव्यात. ज्या वृद्ध भाषकांनी आपली बोली आपल्यापाशी सोपविली, त्यांपैकी पुष्कळांकडे पुन्हा जाऊन विचारणे शक्य होणार नाही. ड्राइव्ह दुसरा मिळतो. तो आवाज मिळत नाही.