‘रेस्ट’ म्हणजे आराम नव्हे

पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट आहे. एका रविवारी सकाळी आम्ही भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारी बस धरली आणि तारोडीला गेलो. ओळखीतल्या एका भगिनीने निरोप धाडला होता, “भाऊ, बँकेचा कागद आलाय. सगळा इंग्रजीत आहे. सही करण्याआधी एकदा नजर टाका.” यजमानांच्या रिक्षासाठी कर्ज मंजूर झाले होते. घरात आनंद होता, चहाबरोबर आमच्यापुढे बिस्किटांची बशीही आली.

ताईंचा मुलगा बारावीला, कॉमर्सला. त्याने तो कागद आधीच वाचून आईला समजावून सांगितला होता. व्याजाच्या ओळीत दराच्या पुढे ‘विथ मंथली रेस्ट्स’ असे तीन शब्द होते. पोराने शब्दकोश काढला. रेस्ट म्हणजे विश्रांती, मंथली म्हणजे मासिक. झाले! बँक अधूनमधून एखाद्या महिन्याची विश्रांती देते, असा अर्थ निघाला. आणि त्या अर्थावर घराचा बेतही ठरून गेला. जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश, छत्र्या, घरावर घालायचे प्लास्टिक. पावसात रिक्षाचा धंदाही मंदा. तेव्हा जूनचा हप्ता ‘रेस्ट’मध्ये टाकायचा.

आम्हाला हसू आले होते, पण ते आम्ही चहाबरोबर गिळले. कारण याच शब्दाने एकेकाळी आमचीही फजिती केली आहे. नोकरीचे पहिले वर्ष होते. एक फाईल आमच्या टेबलावर आली, तिच्यावर साहेबांनी लिहिले होते, ‘द मॅटर नाऊ रेस्ट्स विथ यू.’ आम्ही बी.कॉम. पास, पण शिक्षण मराठी माध्यमातले. आम्हाला वाटले, प्रकरण आता आपल्यापाशी विश्रांती घेणार आहे. म्हणून आम्ही ती फाईल मोठ्या आदराने कपाटात ठेवून दिली. तीन आठवड्यांनी साहेबांनी बोलावून जे ऐकवले ते कौटुंबिक पानावर छापण्याजोगे नाही. ‘रेस्ट्स विथ यू’ म्हणजे आता जबाबदारी तुझी, निर्णय तुझ्या हाती. साहेबांनी आम्हाला धावायला सांगितले होते आणि आम्ही फाईलला झोपवले होते!

मुळात इंग्रजीत रेस्ट हा एक शब्द नाही. वेगवेगळ्या घरांतले दोन शब्द एकच नाव लावून फिरतात. एक रेस्ट जुन्या इंग्रजीतलाच, घरचा. त्याचा अर्थ विसावा, झोप, आराम. दुसरा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला पाहुणा. त्याचा अर्थ मागे राहणे, उरणे. ‘द रेस्ट ऑफ द मनी’ म्हणजे उरलेले पैसे, ‘द रेस्ट ऑफ अस’ म्हणजे आपण बाकीचे. आपल्या मराठीत हा घोटाळा होतच नाही. विसावला तो विसावला, उरला तो उरला. उसंत वेगळी, शिल्लक वेगळी. म्हणून आपले मूल इंग्रजी वाचताना अडखळते तेव्हा ते मठ्ठ आहे असे समजू नये. त्याची मायबोली या बाबतीत जास्त चोख आहे, इतकाच त्याचा अर्थ.

तर पुन्हा त्या बँकेच्या कागदाकडे येऊ. हिशेबाच्या भाषेत रेस्ट म्हणजे खाते जिथे क्षणभर थांबवून व्याज लावतात आणि नवी बाकी काढतात तो टप्पा. ‘मंथली रेस्ट्स’ म्हणजे हा टप्पा दर महिन्याला, ‘क्वार्टर्ली रेस्ट्स’ म्हणजे दर तिमाहीला. बँकांनी कर्जावर दरमहा अशी बाकी काढावी हा नियम रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २००२ पासून लागू केला. शेतीच्या कर्जांना त्यातून वगळले होते. त्याआधी सर्वसाधारणपणे तिमाहीची पद्धत होती.

आम्ही पोराची वही घेतली आणि ताईंच्या समोरच आकडे मांडले. समजा, एक लाख रुपये कर्ज आहे, दर साल बारा टक्के, आणि वर्षभर एक पैसाही भरला नाही. वर्षातून एकदाच बाकी काढली तर व्याज १२,००० रुपये. तिमाहीला काढली तर सुमारे १२,५५१. दरमहा काढली तर सुमारे १२,६८३. दर तोच, शब्द एवढासा, आणि पावणेसातशे रुपयांच्या आसपास फरक. याचे कारण असे की, ज्या महिन्याचे व्याज भरले नाही ते मुद्दलाच्या पंगतीत जाऊन बसते आणि पुढच्या महिन्यापासून त्या व्याजावरही व्याज चढते. हप्ता चुकल्याचा दंड आकारतात तो आणखी वेगळा. म्हणजे ज्या शब्दाच्या भरवशावर ताई जूनचा हप्ता सोडणार होत्या, त्याच शब्दाने त्यांच्या कर्जात भर पडणार होती.

पण हाच मासिक रेस्ट वेळेवर हप्ता भरणाऱ्याचा मित्र आहे, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी घरकर्जात ‘ॲन्युअल रेस्ट’ची पद्धत पुष्कळ चाले. हप्ता तुम्ही दरमहा भरायचा, पण तो मुद्दलातून वजा व्हायचा वर्षाच्या शेवटी. मधल्या काळात फेडलेल्या पैशावरही तुम्ही व्याज देत राहायचे. एक लाख, बारा टक्के, दहा वर्षे असे धरले तर वार्षिक पद्धतीने महिन्याचा हप्ता सुमारे १,४७५ रुपये पडतो आणि मासिक पद्धतीने सुमारे १,४३५. महिन्याला चाळीस रुपये. दहा वर्षांत ते चार हजार आठशेच्या वर जातात. आपल्या घरात चाळीस रुपये म्हणजे काय, ते आम्ही सांगायला नको.

“मग बँकवाले हे मराठीत का लिहीत नाहीत?” ताईंचा प्रश्न रास्त होता. वाचक बंधू-भगिनींनी हे लक्षात ठेवावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सर्व नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी, म्हणजे रिक्षा, घर, शिक्षण अशांसाठी, बँकेने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचे विवरणपत्र दिलेच पाहिजे आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात तो आकडाही असतो. ते मागून घ्यावे. मागताना संकोच कसला? उपकार तर कोणी करत नाही.

कचेऱ्यांच्या पत्रांत या शब्दाचा आणखी एक अवतार भेटतो, तो आम्हाला सर्वांत घातकी वाटतो. ‘यू मे रेस्ट अश्युअर्ड.’ अर्थ असा की, तुम्ही निश्चिंत असावे. इथला रेस्टसुद्धा झोपेचा नाही. तो जुन्या ‘राहणे’ या अर्थाचा आहे. खात्री बाळगून राहा, एवढेच तो सांगतो. काय होईल, कधी होईल, कोण करील, यातले काहीही सांगत नाही. आमच्या वस्तीने पूर्वी एका कचेरीकडे नळाच्या पाण्याबद्दल अर्ज केला होता. उत्तर आले, आपल्या अर्जाकडे लक्ष दिले जात आहे, यू मे रेस्ट अश्युअर्ड. पत्र वस्तीत वाचून दाखवले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाचून दाखवणारे आम्हीच. त्यानंतर दोन उन्हाळे आम्ही सर्वजण निश्चिंत राहिलो आणि बायका हंडे घेऊन पहाटे तीनला उठत राहिल्या. पुढे कारकुनी मुरल्यावर आम्हाला कळले की असली वाक्ये टाईप करताना कोणाच्या मनात पाणी नसते. आम्हीही ती कितीदा टाईप केली आहेत. तेव्हा असे पत्र आले तर उलट टपाली दोनच गोष्टी विचाराव्यात, तारीख कोणती आणि अधिकारी कोण.

या उलट ‘रेस्ट्स विथ’ हा प्रयोग आपल्या उपयोगाचा आहे. ‘द डिसिजन रेस्ट्स विथ द कलेक्टर’ असे लिहिले असेल तर त्या पत्राने तुम्हाला पुढच्या दाराचा पत्ताच दिला. आता या खिडकीवर डोके फोडण्यात अर्थ नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मात्र ‘विथ’च्या जागी ‘ऑन’ आले की अर्थ फिरतो. ‘द केस रेस्ट्स ऑन धिस डॉक्युमेंट’ म्हणजे सगळे प्रकरण या कागदाच्या आधारावर उभे आहे. तो कागद जपा, त्याची झेरॉक्स काढा. आणि कोर्टात वकील ‘आय रेस्ट माय केस’ म्हणाले तर घाबरू नये. आमचे एक स्नेही घाबरले होते, वकिलाने हात टेकले म्हणून. हात टेकले नव्हते. आमचे मांडणे पूर्ण झाले, असे ते सांगत होते.

बाकीचे प्रयोग घरगुती आहेत, ते पोराला आम्ही भराभर सांगितले. उत्तनच्या किनाऱ्यावर होडी वाळूला लागून थांबते, ते ‘कम टु रेस्ट’. एखादी अफवा किंवा शंका कायमची मिटवणे म्हणजे ‘ले टु रेस्ट’, आणि माणसाला मूठमाती देणे यालाही तेच शब्द. दवाखान्याचा रिपोर्ट चांगला आला, जीव भांड्यात पडला, तर ‘माय माइंड इज ॲट रेस्ट’. ‘लेट इट रेस्ट’ म्हणजे तो विषय आता पुरे. ‘गिव्ह इट अ रेस्ट’ म्हणजेही तेच, पण वैतागून. हे वडिलांना म्हणू नये. ‘रेस्ट ऑन युवर लॉरेल्स’ मध्ये लॉरेल हे एक झाड आहे. प्राचीन ग्रीसमध्ये डेल्फीच्या खेळांत जिंकणाऱ्याला त्याच्या पानांचा मुकुट घालीत. त्या मुकुटावरच पसरून झोपणारा, म्हणजे एका यशावर जन्म काढणारा. असे गृहस्थ आपल्याकडेही आहेत, पुष्कळसे व्यासपीठावरच असतात. असो.

एक प्रयोग मात्र आम्हाला अलीकडे खटकतो. कोणाच्या घरी दुःखद घटना घडली की मोबाईलवर ‘आरआयपी’ अशी तीन अक्षरे येऊन पडतात. ‘रेस्ट इन पीस’. उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती बांधवांच्या दफनभूमीत क्रुसावर ही अक्षरे आपण पाहतो आणि तिथे ती शोभतात. त्यांच्या श्रद्धेत मृत देह मातीत विसावतो आणि पुनरुत्थानाची वाट पाहतो. मूळ लॅटिन शब्दांचीही आद्याक्षरे तीच आहेत. आपण आत्मा मानत नाही. मग विसावा कोणाचा मागायचा? आपल्याकडे आदरांजली आहे, पुण्यानुमोदन आहे. तीन अक्षरे टाकण्यापेक्षा त्या घरी जाऊन बसावे, हे तर कोणत्याही भाषेत चालते.

हे सारे ताईंचे सासरे ओट्यावरून ऐकत होते. आयुष्य गिरणीत गेलेले. ते म्हणाले, “म्हणजे रेस्टमध्ये रेस्ट कुठेच नाही म्हणा की!”

आहे ना. कामगाराच्या कायद्यात आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या ५५ व्या कलमाचा मथळाच ‘इंटरव्हल्स फॉर रेस्ट’ असा होता. सलग पाच तासांहून अधिक काम नाही, मध्ये निदान अर्ध्या तासाची सुटी. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्या जुन्या कायद्याची जागा त्यांनी घेतली. पण तो अर्धा तास १९४८ साली आकाशातून पडला नव्हता. १८८४ साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या केल्या त्यांत दुपारची अर्ध्या तासाची सुटी होती आणि आठवड्यातून एक दिवस, रविवारची सुटीही होती. रविवारची सुटी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेब मजूर मंत्री झाले. त्यांच्या खात्याने आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. हा तो खरा रेस्ट, विसाव्याचा. आम्ही कारकून माणूस रविवारी सकाळी तारोडीत बसून कागद वाचू शकत होतो तो त्याच्याच जोरावर.

म्हातारबाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या खात्यात भोंगा झाला की डबा उघडायचा. अर्धा तास. तेवढ्यात पेपर पण वाचून व्हायचा.”

पोराने एव्हाना वहीचे पान आखले होते. त्याने तीन रकाने केले होते. पहिल्यात इंग्रजी वाक्य, दुसऱ्यात मराठी अर्थ आणि तिसऱ्यावर त्यानेच मथळा घातला होता, ‘आराम कोणाला?’ ही युक्ती आमची नव्हे, त्याची आहे. लहानग्या भीमरावाला रामजी सुभेदारांनी तर्खडकरांच्या भाषांतरमालेची पुस्तके शिकवली, ती हकिगत त्याला सांगितली. शब्दाला शब्द लावू नये, आजूबाजूचे शब्द बघून अर्थ लावावा, एवढाच त्यातला आमचा धडा. ‘मंथली रेस्ट्स’ समोरच्या तिसऱ्या रकान्यात त्याने लिहिले, ‘कोणालाच नाही. हप्ता भरणे.’

सोमवारी ताई यजमानांना घेऊन बँकेत गेल्या आणि मराठी विवरणपत्र हाती पडल्यावरच त्यांनी सही केली. जूनच्या हप्त्यासाठी भिशीचा नंबर आधी लावून घेतला.

आम्ही निघालो तेव्हा पोरगा बसपर्यंत सोडायला आला. वाटेत त्याने विचारले, “काका, मग अरेस्टमध्ये पण हाच रेस्ट आहे का?” आम्ही सांगितले, आहे, तो लॅटिनवाला पाहुणा. चालत्या माणसाला थांबवून ठेवणे म्हणजे अरेस्ट. “आणि रेस्टॉरंट?” ते मात्र या कुळातले नाही. त्याचा मूळ फ्रेंच शब्द अंगात पुन्हा बळ आणणे या अर्थाचा आहे. नाक्यावर वडापावची गाडी लागली होती. पोरगा म्हणाला, “चला काका, मग तिकडेच जाऊ.”