ताऱ्यांचा प्रकाश टिपताना

रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र मनासारखे उतरले नाही की दोष बहुधा कॅमेऱ्यास दिला जातो. आमचे मत निराळे आहे. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्सही आकाशगंगा टिपू शकते. उणीव असते ती अंधाराची, स्थैर्याची आणि अचूक फोकसची.

प्रथम वेळेचा विचार करू. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी पट्टा धनू व वृश्चिक राशींच्या दिशेस आहे. महाराष्ट्रातून तो मार्च-एप्रिलमध्ये पहाटे, मे महिन्यात मध्यरात्रीनंतर आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात सायंकाळी नैर्ऋत्येस दिसतो. त्यासाठी अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडाव्यात; पौर्णिमेच्या चांदण्यात मंद तारे लोपतात.

दुसरी बाब स्थैर्याची. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा आणि बटण दाबताना बसणारा हादरा टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा. तरीही पृथ्वी स्वतः तासाला १५ अंश फिरतच असते. शटर फार वेळ उघडे राहिल्यास ताऱ्यांच्या रेघा उमटतात. वाइड-अँगल लेन्समध्ये हे सरकणे कमी जाणवते, म्हणून तिचा लहानात लहान आकडा वापरावा. वेळेचा ढोबळ हिशेब असा: लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात १८ ला १.५ ने गुणले की २७ येतात. ५०० ला २७ ने भागले की सुमारे १८ सेकंद मिळतात. तारे बिंदूसारखे हवे असतील तर १२ ते १५ सेकंदच ठेवावेत.

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे. एफ/३.५ च्या तुलनेत एफ/२.८ ची लेन्स सुमारे दीडपट प्रकाश आत घेते. आयएसओ १६०० ते ३२०० पुरेसा होतो. तो वाढविल्याने नवा प्रकाश मिळत नाही, मिळालेलाच उजळतो. चित्रातील दाणेदारपणा घटविण्याचा खरा उपाय म्हणजे एकाच दृश्याची १६ छायाचित्रे रॉ स्वरूपात घेऊन संगणकावर एकत्र करणे. त्यामुळे तो जवळपास चौथाईवर येतो.

सर्वाधिक छायाचित्रे बिघडतात ती फोकसमुळे. ऑटोफोकस बंद करावा, व्याध किंवा ज्येष्ठा यांसारखा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करून पाहावा आणि तो लहानात लहान बिंदू होईपर्यंत रिंग हलके फिरवावी.

मात्र या सर्व कौशल्यास आधार हवा तो अंधाराचा. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु अन्यत्र वर फेकल्या जाणाऱ्या दिव्यांमुळे गावोगावचे आकाश फिके होत आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांस व पालकांस आमची विनंती आहे, की दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच माळावरून, त्याच मापांनी आपल्या आकाशाचे एक छायाचित्र घ्यावे. काही वर्षांनी ती चित्रे शेजारी ठेवली, की आपण किती तारे गमावले हे कळेल. आणि दिव्यांवर झाकण बसवून प्रकाश खाली वळविण्याचा आग्रह ग्रामसभेत धरताना हाती पुरावा असेल.