तळाचा सूर: मॅकार्टनी बीच बॉईजकडून काय शिकला?

एका कलाकाराचा दुसऱ्यावर प्रभाव पडतो, म्हणजे नेमकं काय होतं? आज आपण एक उदाहरण घेऊ.

बीच बॉईज हा कॅलिफोर्नियातला बँड १९६१ पासूनचा. त्यांचा १९६६ चा ‘पेट साउंड्स’ हा अल्बम बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला इतका भावला, की पुढे त्याने आपल्या मुलांनाही तो घेऊन दिला. मॅकार्टनी बास गिटार वाजवणारा; त्यामुळे त्याचं लक्ष गेलं तळाच्या सुरांकडे.

सा-ग-प एकत्र वाजत असतील, तर बास सहसा ‘सा’ धरतो. ब्रायन विल्सन मात्र अनेकदा बासला ‘ग’वर किंवा ‘प’वर नेऊन ठेवतो. सूर तेच, पण गाणं जरा अधांतरी वाटू लागतं. पेटीवर करून बघा, लगेच कळेल.

१९६७ च्या ‘सार्जंट पेपर्स’मध्ये मॅकार्टनीचा बासही असाच मोकळा, गाता झाला. आणि गंमत बघा, विल्सनला ‘पेट साउंड्स’ करायची ईर्ष्या दिली होती बीटल्सच्याच ‘रबर सोल’ने! दोघांनी एकमेकांच्या चाली उचलल्या नाहीत. एकमेकांचं काम कान देऊन ऐकलं. प्रभाव म्हणतात तो हाच.